रि: एशियन सेंटरमधलं लीळाचरित्रावरचं व्याख्यान, कोण कोण येतंय?

प्रेषक: मेधा

मंडळी नमस्कार,

गणपतीच्या हिशोबाच्या मेलांमध्ये ही हरवू नये म्हणून वेगळा सब्जेक्ट टाकलाय. पुढच्या महिन्यात इथल्या यूबीसीच्या (युनिव्हर्सिटी ऑफ ब्रिटिश कोलंबिया) एशियन स्टडीज डिपार्टमेंटमध्ये लीळाचरित्रावर, म्हणजे महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींच्या आठवणींच्या ग्रंथावर, पब्लिक लेक्चर आहे, गुरुवारी दुपारी चारला, बोलायला बाहेरच्या युनिव्हर्सिटीतून एक बाई येतायत. फुकट आहे, नाव नोंदवलंत तर बरं पण नाही नोंदवलं म्हणून दारात कोणी अडवत नाही. भाषण इंग्लिशमध्ये, मात्र उतारे मूळ मराठीतून वाचणारेत, म्हणजे तेराव्या शतकातल्या. नंतर चहा-सामोसे.

ज्यांनी एशियन सेंटर पाहिलं नाही त्यांच्यासाठी: नितोबे गार्डनला लागून मोठ्या उतरत्या छपराची बिल्डिंग आहे तीच. तिचे लोखंडी गर्डर 1970 च्या ओसाका एक्स्पोमधल्या सान्योच्या पॅव्हिलियनचे आहेत, ते जपानहून इकडे आणून वापरले. एशियन लायब्ररी तिथेच आहे, थोडं लवकर आलात तर तीही बघून होईल. पार्किंग रोझ गार्डन पार्केडमध्ये.

मागच्या वेळी अशाच एका भाषणाला आपल्यातले अगदी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. दिवाळीला हॉल पुरत नाही आणि इथे ही गत, म्हणून आधीच विचारतेय.

मेधा

प्रेषक: अमोल

मेधाताई, गुरुवारी चार म्हणजे नोकरी करणाऱ्यांनी यायचंच नाही असं ठरवूनच ठेवतात का हे लोक? सरेहून स्कायट्रेन, मग ती 99 नंबरची बस, दीड तास धरूनच चाला. शनिवारी आपल्याच हॉलमध्ये का नाही ठेवत, पन्नास लोक तर मी एकटा आणतो.

दुसरं म्हणजे, तिथे हिंदी-उर्दू आहे, पंजाबी आहे, संस्कृत, पर्शियन, आता तर कँटनीजसुद्धा शिकवतात, मग मराठी का नाही? 2011 च्या जनगणनेत आठ कोटींच्या वर लोकांची भाषा आहे ही, 2024 मध्ये अभिजात दर्जा पण मिळाला. मंडळातर्फे एक कडक निवेदन देऊ, ऑनलाइन सह्या घेऊ, हजार तर आरामात होतील. ड्राफ्ट मी करतो.

अमोल

प्रेषक: शिरीष

अमोल, उत्साह चांगला आहे पण सह्यांनी कोर्स सुरू होत नाही रे बाबा. तू ज्या भाषांची नावं घेतलीस ना त्यांच्याकडेच जरा नीट बघ. पंजाबीची चेअर (देणगीच्या पैशांवर उभं केलेलं प्राध्यापकपद) 1987 मध्ये झाली ती इथल्या समाजाने पैसे जमवले, ओटावाच्या केंद्र सरकारनेही मल्टिकल्चरलिझमच्या निधीतून वाटा उचलला, म्हणून. कँटनीजचे क्रेडिटचे वर्ग 2015 च्या सुमारास सुरू झाले त्यामागे वॅट बंधूंची देणगी आहे, त्यांच्या आईच्या नावाने दरवर्षी एक लेक्चरही होतं. पंजाबीतही तसंच, हरजीत कौर सिद्धू यांच्या नावाने दरवर्षीचा कार्यक्रम, त्यात बीसीतल्या पंजाबी लेखकांचा सत्कार होतो, विद्यार्थ्यांना बक्षिसं देतात आणि आजी-आजोबांपासून सगळं खानदान समोर बसलेलं असतं. त्यात भर म्हणून 2013 मध्ये ढाहां प्राइझ सुरू झालं, पंजाबी कथा-कादंबरीला पंचवीस हजार डॉलर, गुरुमुखीत लिहा नाहीतर शाहमुखीत, भारतातली आणि पाकिस्तानातली दोन्ही पंजाबी लिप्या चालतात, आणि त्यातही हे डिपार्टमेंट भागीदार होतं. म्हणजे भारत-पाकिस्तान दोन्हीकडच्या लेखकाला व्हँकुव्हरहून बक्षीस जातं! मला तर याचा हेवाच वाटतो.

आपलं इथे काहीच नव्हतं असंही नाही. अशोक अकलूजकर 1969 पासून 2006 पर्यंत याच डिपार्टमेंटमध्ये संस्कृत शिकवत होते, व्याकरणकार भर्तृहरीवर जगात ज्यांचं नाव घेतात अशांपैकी ते एक. पण ती संस्कृतची जागा होती, मराठीची नव्हे. मराठी माणूस तिथे आहे म्हणजे मराठी आहे अशी आपण समजूत करून घेतली आणि निवांत बसलो. टोरांटोलाही तसंच, तिथे न. के. वागळे सरांनी महाराष्ट्र या विषयावरच्या इंटरनॅशनल कॉन्फरन्सेस उभ्या करायला हात लावला, त्यातून पुस्तकं निघाली, चांगली जाडजूड, पण आपल्या मंडळांपैकी किती जणांनी ती उघडून पाहिली देव जाणे.

आता पैशांचं. युनिव्हर्सिटीत देणगी म्हणजे आपण स्मरणिकेला जाहिरात देतो तसं नसतं, मुद्दल कायम राहतं आणि वर्षाला साधारण चारेक टक्के खर्चाला मिळतात. म्हणजे पंचवीस हजार ठेवले तर वर्षाचे हजार. हजारात चेअर येत नाही, चेअरचे आकडे मिलियनमध्ये असतात. पण हजारात एका पाहुण्याचं विमानाचं तिकीट निघतं, किंवा उन्हाळ्यात पुण्याला मराठी शिकायला जाणाऱ्या एखाद्या पोराला हातभार लागतो. आपण ढोल-ताशा पथकाच्या भाड्यावर आणि साउंड सिस्टीमवर एका वर्षात काय घालवतो ते खजिनदारांना विचार, मी इथे लिहीत नाही.

शिरीषकाका

प्रेषक: प्रकाश

शिरीषराव, तुमचं सगळं मान्य पण एक गोष्ट कोणी बोलत नाही म्हणून मीच बोलतो. ही युनिव्हर्सिटीतली मंडळी आपल्याबद्दल काय लिहितात याचा विचार केलाय का? जेम्स लेनचं शिवाजी महाराजांवरचं पुस्तक आठवतंय ना, 2003 मध्ये आलं, केवढा गदारोळ झाला, ऑक्सफर्डला इंडियात ते मागे घ्यावं लागलं आणि जानेवारी 2004 मध्ये भांडारकर इन्स्टिट्यूटची मोडतोड झाली. मोडतोडीचं मी समर्थन करत नाही, तिथल्या पोथ्यांनी कोणाचं काय घोडं मारलं होतं? पण असलं लिखाण होणार असेल तर त्याला आपल्या खिशातून पैसे का द्यायचे? आपण देणगी देणार तर विषय कोणता, वक्ता कोण हे ठरवताना मंडळाचे दोन लोक कमिटीत पाहिजेत. आणि आता लीळाचरित्र म्हणजे तरी काय सांगणार आहेत हे आधी कळलेलं बरं.

प्रकाश

प्रेषक: विनया

प्रकाशकाका, मी याच डिपार्टमेंटमधून शिकलेय म्हणून लिहिते, जरा लांबेल.

तुम्ही म्हणताय तो प्रयोग इथे होऊन गेलाय. शिरीषकाकांनी 1987 च्या पंजाबी चेअरचं सांगितलं, त्याच्या पुढचं राहिलं. त्या चेअरवर पहिले आले ते हरजोत ओबेरॉय. त्यांचं 1994 साली पुस्तक आलं, एकोणिसाव्या शतकात शीख कोण आणि कोण नाही याच्या रेषा कशा आखल्या गेल्या त्यावर, अभ्यासकांमध्ये ते गाजलं पण इथल्या समाजातल्या बऱ्याच लोकांना अजिबात रुचलं नाही, सभा झाल्या, पत्रकं निघाली, आम्ही यासाठी पैसे दिले होते का असंच विचारलं गेलं, आणि दोनेक वर्षांत त्यांनी चेअर सोडली. पण प्रोफेसर म्हणून ते त्याच डिपार्टमेंटमध्ये राहिले, नोकरीला कोणी हात लावला नाही, आणि पंजाबीही बंद पडली नाही. पुढे दुसऱ्या अभ्यासक आल्या, वर्ग चालू राहिले, समाजही परत आला, तो सिद्धू कार्यक्रम आणि ढाहां प्राइझ हे सगळं त्या भांडणाच्या नंतरचं आहे. मला वाटतं आपण शिकायचं ते हे. देणगीच्या कागदावर विषय लिहिता येतो, म्हणजे मराठी भाषा आणि साहित्य, तेवढा हक्क आपला. त्या विषयात निष्कर्ष काय निघावा हे लिहिता येत नाही आणि तशी अट घातली तर कुठलीही धड युनिव्हर्सिटी चेक परत करेल. कमिटीत बसण्याचं विसरा.

हार्वर्डची मूर्ती लायब्ररी ही पुस्तकमालिका घ्या, 2010 मध्ये रोहन मूर्तींनी 52 लाख डॉलर दिले, जुनं भारतीय साहित्य मूळ लिपीत डावीकडे आणि इंग्लिश उजवीकडे अशी पुस्तकं निघतात, 2016 मध्ये मुख्य संपादकांना काढा म्हणून इकडून तिकडून मोठ्या लोकांच्या सह्यांचं निवेदन गेलं (अमोल, ऐकतोयस ना), तरी देणगीदार जागचे हलले नाहीत. त्याच मालिकेत आता लीळाचरित्राचं अ‍ॅन फेल्डहाउसनी केलेलं भाषांतर येतंय, पहिला भाग 2024 चा. त्या बाईंनी 1984 मध्ये रिद्धपूरच्या गोविंदप्रभूंच्या, म्हणजे चक्रधरस्वामींच्या गुरूंच्या, चरित्राचं भाषांतर छापलं होतं, म्हणजे चाळीस वर्षं त्या याच लोकांत रमल्यात. या कामाचा वेग असाच असतो. जर्मनीतल्या हायडेलबर्ग युनिव्हर्सिटीचे सोंथायमर धनगरांच्या वाड्यांवर हिंडून बिरोबाच्या ओव्या टेप करायचे, ते 1992 मध्ये गेले आणि त्या टेपांतल्या दोन मोठ्या ओव्या इंग्लिशमध्ये पुस्तकरूपाने आल्या 2014 साली. आपण मात्र एका वर्षाच्या अहवालात काय दाखवणार म्हणून विचारतो.

राहिलं लीळाचरित्रात काय सांगणार ते. अहो आपल्याला अवघड वाटावं असं मूळ ग्रंथातच भरपूर आहे, परक्याने घालायची गरज नाही. चक्रधरस्वामी बायकांच्या पाळीच्या विटाळाबद्दल काय म्हणतात? नाकातून शेंबूड येतो, कानात मळ होतो, तशीच तीही एक देहाची गोष्ट, त्यात विटाळ कसला. साडेसातशे वर्षांपूर्वीचं आहे हे. आपल्या पूजेला अजून काही घरांत बायका बाजूला बसतात, व्हँकुव्हरमध्ये, नाव घेत नाही. हे कोणी स्टेजवरून वाचलं तर मंडळाचा अपमान झाला म्हणणार का आपण?

आणि अमोल, शनिवारी आपल्या हॉलमध्ये जरूर ठेवू, पण ते वेगळं. डिपार्टमेंटला स्वतःच्या खोलीत खुर्च्या भरलेल्या दिसाव्या लागतात. पुढच्या वर्षी कोणाला बोलवायचं यावर मीटिंग होते तेव्हा साउथ एशियातलेच पाच विषय शिकवणारे पाच लोक आपापला पाहुणा पुढे करत असतात, आणि मागच्या खेपेला मराठीच्या भाषणाला लोक उभे होते असं कोणी म्हणालं तर त्याला वजन येतं. अजून एक, तुझी ती कॉलेजात जाणारी पुतणी साउथ एशियावरचा एक जरी इलेक्टिव्ह घेईल तर तुझ्या हजार सह्यांपेक्षा जास्त काम होईल.

विनया

प्रेषक: नंदा

दंडवत प्रणाम मंडळी,

माझं माहेर अमरावतीकडचं, महानुभाव. घरी पोथी वाचली जायची तेव्हा आम्ही पोरी भाकरी थापता थापता ऐकायचो, कोणी मुद्दाम शिकवलं नाही. म्हाइंभट, बाइसा, महदाइसा ही आम्हाला नात्यातल्यासारखीच माणसं. महदाइसा तर एवढे प्रश्न विचारायची की स्वामीच तिला म्हातारी चर्चक आहे म्हणायचे. केवढ्या वर्षांनी कोणीतरी युनिव्हर्सिटीत यांच्याबद्दल बोलणार आणि तुम्ही लोक कमिटीत कोण बसणार त्यावर भांडता! आमचा पंथ आपल्याच लोकांनी शेकडो वर्षं लांब ठेवला, पोथ्या सांकेतिक लिपीत लपवून ठेवायची वेळ आली, विसाव्या शतकात इतिहासाचार्य राजवाड्यांनी ती लिपी उलगडली तेव्हा कुठे बाकीच्या महाराष्ट्राला कळलं की हे एवढं जुनं गद्य आहे म्हणून. त्यामुळे बाहेरचे काय लिहितील याची मला तरी धास्ती नाही.

स्वामींच्या मागे पंथ सांभाळणाऱ्या नागदेवाचार्यांना त्यांच्या शिष्याने, केशवराजाने, संस्कृतात ग्रंथ करू का विचारलं तेव्हा ते नको म्हणाले, तेणें माझिया म्हातारिया नागवतील, म्हणजे संस्कृताने माझ्या म्हाताऱ्या वंचित राहतील. तर म्हातारी मी आहेच, नागवू नका, बर्नबीहून गाडीची सोय करा. गुडघ्यामुळे बसने जमणार नाही. आणि प्रश्न मराठीतून विचारला तर चालेल का तेवढं बाईंना विचारून ठेवा.

नंदामावशी

प्रेषक: प्रकाश

नंदाताई, तुम्हाला बर्नबीहून मी घेतो, तीनला तयार राहा. देणगीबद्दल माझं मत अजून तेच आहे, ते मंडळाच्या एजीएममध्ये (वार्षिक सभेत) बोलू. भाषणाला येतो, बघू तरी.

प्रकाश

प्रेषक: मेधा

वा! तर आतापर्यंत प्रकाशदादांची गाडी (नंदामावशी, अजून दोन जागा), विनया थेट तिथेच, शिरीषकाका रिचमंडहून, त्यांच्याकडे तीन जागा आहेत पण काका वेळेवर निघतात, थांबत नाहीत, हे नवीन लोकांनी लक्षात घ्या. अमोल, तू लवकर सुटणार असशील तर कळव, आणि पुतणीचा नंबर विनयाला दे. नंदामावशी, विचारलं मी, बाई म्हणाल्या मराठीतूनच विचारा, उत्तरही मराठीतून देईन.

देणगीचा विषय एजीएमच्या अजेंड्यावर घेतलाय, शिरीषकाका एका पानात आकडे मांडतील, एकाच पानात काका. तोपर्यंत चेअर वगैरे शब्द नको, पाहुण्याचं तिकीट आणि विद्यार्थ्याची मदत एवढ्यावरच बोलू.

आणि एक, तीन जणांनी खाजगीत विचारलं म्हणून सगळ्यांनाच सांगते, घरातली जुनी मराठी पुस्तकं खोक्यात भरून त्या दिवशी एशियन लायब्ररीत नेऊ नका. ती लोकं आधी यादी मागतात, त्यांच्याकडे नसलेलं आणि धड अवस्थेतलं असेल तरच घेतात. यादी करून मला पाठवा, लेखक, नाव, प्रकाशक, साल. दिवाळी अंक असतील तर वेगळे लिहा.

मेधा