‘डाईंग’ म्हणजे रंगवणे की मरणे?

प्रश्न:
सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत आमचा चादरींचा लहान कारखाना आहे. ज्यांच्याकडून आम्ही सूत रंगवून घेतो, त्यांच्या चलनावर ‘यार्न डाईंग’ हे शब्द इंग्रजीत छापलेले असतात. परवा ते चलन पाहून मुलगी म्हणाली, “बाबा, यात ‘वाय’नंतरचा ‘ई’ राहिला आहे, याचा अर्थ सूत मरत आहे असा होतो.” रंगवणे, मरणे आणि लोखंडी साचा या तिन्हींना इंग्रजीत ‘डाय’च म्हणतात, ते मुळात एकाच शब्दातून आले आहेत का?

उत्तर १:
मुलीचे म्हणणे बरोबर आहे. हे शब्द मुळात वेगळे आहेत. रंगवण्याचा ‘डाय’ जुन्या इंग्रजीतला, तर मरण्याचा ‘डाय’ स्कँडिनेव्हियातल्या जुन्या नॉर्स भाषेतून आलेला. त्याआधी मरण्यासाठी इंग्रजीत जे क्रियापद होते, त्याचेच पुढे ‘स्टार्व्ह’ झाले आणि त्याचा अर्थ उपासमारीपुरता उरला. चलन छापणाऱ्याला मात्र फार दोष देऊ नये, कारण खुद्द सॅम्युअल जॉन्सन यांनी 1755च्या आपल्या कोशात रंगवणे आणि मरणे या दोन्हींचे स्पेलिंग ‘डी-आय-ई’ असेच दिले होते; आजचा भेद पक्का व्हायला एकोणिसावे शतक उजाडले. आता रंगवण्याच्या ‘डाईंग’मध्ये ‘ई’ ठेवावाच लागतो. कापडावरची लव जाळण्याच्या ‘सिंजिंग’मध्येही तो असतो, नाहीतर ते गाण्याचे ‘सिंगिंग’ होईल.

उत्तर २:
साच्याच्या ‘डाय’बद्दल थोडे सांगतो, कारण मला तोच सर्वांत सुंदर वाटतो. त्याचा आधीचा अर्थ फासा. ‘डाइस’ हे त्याचेच अनेकवचन. हा शब्द जुन्या फ्रेंचमधून आला आणि त्याचे मूळ सामान्यतः लॅटिन ‘दातुम’ म्हणजे ‘दिलेले’ या शब्दात मानले जाते. लॅटिनमधला ‘देणे’ या अर्थाचा धातू आणि संस्कृत ‘दा’ हे एकाच कुळातले आहेत. सारीपाटावर कवड्या टाकून आपण ‘दान पडले’ म्हणतो, ते या संदर्भात आठवून पाहावे.

प्रश्नकर्ता:
आपणा दोघांचा आभारी आहे. भूतकाळी रूपातही असाच फरक असतो का?

उत्तर १:
होय. रंगवलेल्या सुताला ‘डी-वाय-ई-डी’ आणि मेलेल्यासाठी ‘डी-आय-ई-डी’. लेबलांवर ‘यार्न डाइड’ लिहिलेले असल्यास तेही एकदा तपासून घ्यावे.