मदत हवी आहे : जर्मनीतील शाळेसोबतच्या ऑनलाइन तासांविषयी

सप्रेम नमस्कार. मी कोथरूडमधील एका शाळेत जर्मन शिकवते. सप्टेंबरपासून आमच्या नववीच्या वर्गाचा जर्मनीतील एका शाळेसोबत दर पंधरवड्याला व्हिडिओ कॉलवर संयुक्त तास होतो. ज्यांना परदेशी जाणे परवडणारे नाही, अशा मुलांनाही तिकडचे समवयस्क मित्र मिळावेत, ही माझी मनापासूनची तळमळ आहे.

भाषांतराच्या ॲपमुळे बोलणे सोपे झाले, पण उथळही झाले. एका मुलीने आत्या आणि मावशीविषयी सांगितले, तेव्हा पडद्यावर दोघींसाठी ‘टांटे’ हा एकच शब्द उमटला. मग तिने ॲप बंद करून फळ्यावर वंशावळ काढली आणि तेव्हा कुठे समोरून प्रश्न येऊ लागले. असे प्रसंग मुद्दाम घडवून आणणारे उपक्रम कोणी घेतले आहेत का?

शिवाय ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळे एक तास मागे जातात. त्यामुळे आमचा दुपारी १.३० चा तास २.३० वर जाईल आणि तोवर आमची शाळा सुटलेली असेल. मार्चअखेरपर्यंत ध्वनिमुद्रित निरोपांवर भागवावे, की शाळेकडे वेळापत्रक बदलून मागावे? अनुभवी शिक्षकांनी कृपया सविस्तर लिहावे.