घरगुती वाईनचं स्वस्त किट: तुम्ही त्यात काय बदललंत? (अनुभव धागा)

द्राक्षांचा हंगाम आला की नाशकात हा विषय निघतोच. ऑनलाइन मिळणारं किट बहुतेकांनी पाहिलंय: प्लास्टिकचा डबा, झाकणात खोचायचा एअरलॉक (पाणी भरलेली छोटी झडप, आतला वायू बाहेर सोडते पण बाहेरची हवा आत घेत नाही), यीस्टची पुडी, नळी, गाळायला कापडी पिशवी. सोबत एक पानभर सूचना, त्याही थंड देशातल्या घरासाठी लिहिलेल्या. ज्यांनी असं किट हाताळलंय त्यांनी काय बदललं, काय सरळ फेकून दिलं आणि पैसे कुठे घातले ते लिहा.

आधीच सांगून ठेवतो. महाराष्ट्र दारूबंदी कायदा, 1949 नुसार परवान्याशिवाय मद्य तयार करणं गुन्हा आहे आणि घरापुरती केलेली वाईनही त्यात येते. तेव्हा परवाना असलेल्या जागी, शिकताना, किंवा जिथे कायद्याने चालतं अशा देशात केलेले प्रयोग लिहा. "कोण बघायला येतंय" छापाचे प्रतिसाद नकोत.

लॅबवाली, गंगापूर रोड

वाईन टेक्नॉलॉजी शिकताना सरांनी असलंच एक किट आणून काचेच्या बरण्यांशेजारी ठेवलं होतं. यीस्ट ठीक, नळी ठीक, रडगाणं सगळं झाकणाचं. तपासायची पद्धत सोपी आहे. रिकाम्या डब्याला झाकण लावा, एअरलॉकमध्ये पाणी भरा आणि झाकण तळहाताने हलकं दाबून धरा. एका बाजूचं पाणी वर चढून तिथेच थांबलं पाहिजे. हळूहळू परत समपातळीला आलं, तर कडेने हवा जातेय. आम्ही फूड-ग्रेड सिलिकॉनची रिंग बसवली.

सुरुवातीच्या जोरदार आंबण्यात ही गळती फारशी नडत नाही, कारण आतून कार्बन डायऑक्साइड सतत बाहेर ढकलला जात असतो. नडते ती नंतर, बुडबुडे थंडावल्यावर. त्यात डबा दहा लिटरचा आणि आत वाईन पाच लिटर, म्हणजे अर्धा डबा हवाच. रंग तपकिरी होतो आणि वास कापलेल्या सफरचंदासारखा यायला लागतो. म्हणून जोर ओसरला की गाळ मागे ठेवून वाईन पाच लिटरच्या काचेच्या बरणीत गळ्यापर्यंत भरायची. थोडी कमी पडली तर निर्जंतुक केलेल्या काचेच्या गोट्या टाकून पातळी वर आणायची. सर गोट्या घेऊन आले तेव्हा वर्ग हसला होता, पण युक्ती जुनी आणि पक्की आहे.

बागाईतदार, निफाड तालुका

आमच्याकडं वाईनची द्राक्षं आहेत, शिराझ आणि शेनिन ब्लां, माल करारावर जातो. ज्या वायनरीला घालतो तिथंच त्यांच्या परवानगीनं किटवर छोटी बॅच लावली होती. दोन गोष्टी शेतकरी मित्रांसाठी.

पहिली, ब्रिक्स मीटर, म्हणजे रसातली साखर मोजायचं यंत्र. आपल्या प्रत्येकाच्या खिशात तो असतो, त्यामुळं वाटतं हायड्रोमीटर (रसात तरंगवून घनता मोजायची काचेची नळी) कशाला घ्यायचा. पण ब्रिक्स मीटर खरा फक्त रसाला. आंबायला लागलं की त्यात अल्कोहोल येतं आणि आकडा फसवतो. साखर पार संपलेल्या वाईनलाही तो सात-आठ ब्रिक्स दाखवतो. माणूस वाट बघत बसतो, अजून गोड आहे म्हणून. किटमध्ये हायड्रोमीटर नसेल तर पहिला खर्च त्याचा करा. तोही बहुतेक 20 अंशांना जुळवलेला असतो. रस 30 अंशांवर असेल तर दोन-तीन पॉइंट (म्हणजे 0.002-0.003) कमी दाखवतो, तेवढे मिळवून घ्या.

दुसरी, डीएपी. किटच्या कागदावर यीस्टला खाद्य म्हणून डीएपी लिहिलेलं असतं. शेडमधल्या 18:46 च्या गोणीत हात घालू नका! नाव तेच असलं तरी ते खत आहे, त्यात काय काय अशुद्ध येतं ते खाण्यापिण्याच्या हिशेबानं तपासलेलं नसतं. वायनरीवाले फूड-ग्रेड वापरतात, आणि तेही लिटरमागं ग्रॅमच्या अंशात.

मूळची सिडकोची, सध्या लेस्टर

इथे स्वतःपुरती वाईन घरी करायला बंदी नाही. माझं किट द्राक्षाच्या घट्ट रसाचं, पाणी घालून साडेचार लिटर करायचं. मी पाणी कमी घालून चारच लिटर करते. पातळपणा जातो, एवढ्या एका बदलाने निम्मा फरक पडला. रेडमध्ये तुरटपणा कमी वाटला तर कपभर कोरा काळा चहा घालते. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "वाईन करतेस की चहा?" पुडीतलं यीस्ट बदलून ईसी-1118 घेतलं. ते फार काही वास-स्वाद देत नाही, पण अर्ध्यावर दगा देत नाही.

बाटल्या भरायची घाई करू नका. हायड्रोमीटरचा आकडा काही दिवस हलला नाही, 0.995 च्या आसपास स्थिरावला, की मगच बूच. माझ्या शेजाऱ्याच्या कपाटात रात्री बाटली फुटली होती, भिंतीवर अजून डाग आहे.

तळघरातला माणूस, दिंडोरी

वायनरीत सेलरला आहे. वरच्या सगळ्यांशी सहमत, फक्त चहा सोडून 🙂. माझं मत विचाराल तर किटला यीस्टपेक्षा थंडावा जास्त लागतो. व्हाइट 14 ते 18 अंशांत आंबवतात. आपल्याकडे मार्चमध्ये दुपारी खोलीतच तिशी गाठते, वर आंबताना रस स्वतः तापतो तो वेगळाच. प्रशिक्षणाच्या छोट्या बॅचला आम्ही बरणी पाण्याच्या घमेल्यात ठेवतो, भोवती ओलं गोणपाट गुंडाळतो, टोक पाण्यात बुडवतो आणि समोर टेबलफॅन. कोरड्या हवेत पाच-सहा अंश सहज उतरतात. पावसाळ्यात मात्र यातलं काही चालत नाही. त्याच कोरड्या हवेत एअरलॉकमधलं पाणीही आटतं, तिकडे रोज नजर असू द्या.

आणि केएमएस (पोटॅशियम मेटाबायसल्फाइट, वाईन टिकवायची पूड) "चिमूटभर" टाकू नका. पाच लिटरला 50 पीपीएम गंधक-डायऑक्साइड हवा तर केएमएस साधारण 0.43 ग्रॅम लागतं. स्वयंपाकाच्या काट्यावर हे मोजताच येत नाही. सोनार वापरतात तसला छोटा पॉकेट काटा घ्या. एक्स्पोर्टच्या पेटीत द्राक्षांवर घालतात तो गंधक-डायऑक्साइड सोडणारा ग्रेपगार्ड कागद बुडवून काम भागेल का, असं एकाने खरंच विचारलं होतं. नाही!

आंबटशौकीन, पंचवटी

मी वाईन करत नाही, उरलेल्या विकतच्या वाईनचं व्हिनेगर करतो. त्यासाठी या किटचा डबा झकास आहे, कारण इथे हवा हवीच. झाकण काढून टाका, मलमल बांधा, नाहीतर चिलटं पडतात. वाईनमध्ये जवळपास तेवढंच पाणी, आणि विरजण म्हणून न तापवलेलं जिवंत व्हिनेगर. फक्त हा डबा नंतर वाईनवाल्यांना उसना देऊ नका.

प्रश्न: थॉम्पसन (खायची बिनबियांची द्राक्षं) बाजारात स्वस्त झालीय, ती चालेल का?

लॅबवाली: चालते, पण चवीला फिकट. खायच्या द्राक्षांत आंबटपणा कमी पडतो. लिटरला एक ग्रॅम टार्टारिक ॲसिड घालून चव घ्या, मग लागलं तर पुढे. साखर हवी तर एक टक्का अल्कोहोल वाढवायला लिटरमागे साधारण 17 ग्रॅम. आणि घड आधी नीट धुवा, फवारणीचं गंधक सालीवर राहिलं तर वाईनला सडक्या अंड्याचा वास येतो.