मदत हवी आहे: ७ इंची मॉनिटरवर अक्षरं पुसट

मंडळी, रास्पबेरी पाय ४ या चिमुकल्या संगणकाला एक छोटा ७ इंची एचडीएमआय मॉनिटर जोडलाय. पॅनल १०२४ × ६०० चं, पण सेटिंगच्या यादीत नेमका तोच आकडा नाही. १२८० × ७२० वर चित्र येतं, पण टर्मिनलमध्ये शून्य आणि ८ सारखेच दिसतात, गोल आयकॉनही किंचित उभट होतात. मॉनिटर स्वतःचं रिझोल्यूशन चुकीचं कळवत असावा, असा माझा अंदाज. स्वस्तातला माल, दुसरं काय!

केबल बदलली, दोन्ही पोर्ट लावून पाहिले. नेटवर जिथे-तिथे कॉन्फिग फाइलमध्ये एचडीएमआय मोड ८७ (आपल्याला हवं ते रिझोल्यूशन देण्याचा) टाका असं सांगतात, पण ते जुन्या ड्रायव्हरसाठी. माझ्याकडे रास्पबेरी पाय ओएसची बुकवर्म आवृत्ती आहे, त्यात स्क्रीन हाताळणारा नवा केएमएस ड्रायव्हर त्या ओळींना भीक घालत नाही. मग बूट होताना वाचल्या जाणाऱ्या सीएमडीलाइन फाइलमध्ये, तिच्यातल्या एकुलत्या एक ओळीच्या शेवटी १०२४ × ६०० चा व्हिडिओ मोड जोडला. गंमत म्हणजे बूट होताना अक्षरं एकदम सुबक, डेस्कटॉप उघडला की पुन्हा ७२०!

डेस्कटॉपचं रिझोल्यूशन वेगळ्या फाइलमध्ये ठरतं का? की सरळ नवीन ईडीआयडी (मॉनिटर स्वतःबद्दल कळवतो ती माहिती) फाइलच बनवून द्यावी लागेल? कुणी केलं असेल तर पायऱ्या सांगा. ‘नवा मॉनिटर घे’ हा सल्ला घरातून मिळालाय.