हिशेब की हिशोब? आणि शब्द मुळात कुठला?

फोंडेकार: आमच्या देवस्थानच्या महाजनांच्या, म्हणजे सभासदांच्या, सभेची नोटीस टाईप करतोय. मी लिहिलं 'वार्षिक हिशेब', खजिनदार म्हणतात हिशोब कर, आणि एक काका म्हणतात दोन्ही काढ, परका शब्द तो, शुद्ध 'जमाखर्च' लिही. आता काय करू सांगा.

वहीवाला: काकांना म्हणावं जमा पण अरबीच, खर्च फारसीतून आलेला 😀 बाकी, रक्कम, वसूल, तारीख, सगळी तिकडचीच मंडळी. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करून घेतला, फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले, पण वहीतनं हे शब्द काही हलले नाहीत. हिशेब म्हणजे अरबी हिसाब, फारसीमार्गे आलेला.

माशेलची माई: पण हिसाबचा हिशेब का झाला ते बघा ना, मजा तिथे आहे. मराठीत स च्या पुढे इ नाहीतर ए आला की त्याचा श होतो, सिक्का-शिक्का, सिपाही-शिपाई, सेर-शेर. 'सा' चा 'शा' असा होत नाही, साबण साबणच राहिला. म्हणजे आधी 'हिसेब' असा उच्चार असणार आणि मग श आला, जुन्या फारसीत अशा आ चा ए व्हायचाच, रिकाबची (घोड्यावर बसताना पाय ठेवायची कडी) आपल्याकडे रिकीब झाली ती तशीच. म्हणून माझं मत हिशेब आधीचा, हिशोब नंतर ब च्या शेजारामुळे ओठ गोल होऊन झाला असावा. चूक कुठलाच नाही, पण नोटिशीत हिशेबच बरा दिसतो.

पेडणेकर०७: अर्थाचं पण बोला की कोणीतरी. 'माझ्या हिशेबी तो शहाणा' यात पैसे कुठे आहेत? अरबीत त्याच धातूला मोजणं आणि समजणं दोन्ही अर्थ आहेत. आणि आपल्या 'लेखणे'चं तेच, जुना अर्थ मोजणं, पण मराठीत आता उरलंय फक्त तुच्छ लेखणं, कमी लेखणं. कोंकणीत मात्र लेख दिवप म्हणजे अजून सरळ हिशेब देणं. घरी कोंकणी आणि सभेत मराठी म्हणून आपल्याला गोव्यात दोन्ही टोकं दिसतात, पुण्यावाल्यांना हे कुठलं कळायला. 'मी त्याला मोजत नाही' पण त्यातलंच.

फोंडेकार: बरं, हिशेब ठेवला. जमा अरबी आहे हे काकांना तुमच्यापैकी कोणीतरी सांगा, मी नाही सांगत.