ओल्या कचऱ्याच्या डब्यातली काळी पिशवी वापरणं बंद कसं करावं?

मीनल_के
चौघांचं घर, ओल्या कचऱ्याचा आठ लिटरचा डबा. रोज एक काळी पिशवी जाते, म्हणजे महिन्याला तीस. वर्तमानपत्र घातलं तर संध्याकाळपर्यंत तळ भिजून फाटतो. झाकण लावलं की वास, उघडं ठेवलं की चिलटं. कम्पोस्टेबल, म्हणजे खत होणाऱ्या, पिशव्या घ्याव्यात का?

खतवाला
कागद कचऱ्याने फाटत नाही, पाण्याने फाटतो. आधी पाणी तोडा. चहाचा चोथा गाळणीतच चमच्याने दाबायचा. आमटी-ताकाचं खरकटं सिंकच्या जाळीवर पाच मिनिटं निथळू द्यायचं. कलिंगडाची सालं सगळ्यात शेवटी, वरून.

मग कागद. वर्तमानपत्राचे दोन उघडे ताव एकावर एक, एक आडवा एक उभा, डब्याच्या तोंडावर धरून मुठीने तळापर्यंत दाबा आणि कडा चार बोटं बाहेर दुमडा. तळाशी एक ताव चुरगळून किंवा मूठभर लाकडाचा भुसा. पुरवणीचा गुळगुळीत कागद नको, तो पाणी पीत नाही. आणि रिकामा करताना कडा धरून पुडकं वर ओढू नका, डबाच उलटा करा. बहुतेकांचं फाटतं ते ओढताना.

आडगाव_१२
कम्पोस्टेबलबद्दल: पिशवीवर आयएस/आयएसओ १७०८८ हे मानक छापलेलं नसेल तर सोडून द्या. नुसतं ‘बायोडिग्रेडेबल’ किंवा ‘इको’ लिहिलेल्याला काही अर्थ नाही. खऱ्या पिशवीची चाचणीसुद्धा ५८ अंशांच्या आसपास तापमान टिकणाऱ्या खत प्रकल्पासाठी असते, बाल्कनीतल्या कुंडीसाठी नाही. साध्या कॅरीबॅगची १२० मायक्रॉन जाडीची अट त्यांना लागू नाही, म्हणून त्या पातळच येतात आणि ओल्या कचऱ्यात लवकर गळतात. सुक्या प्लास्टिकमध्ये मात्र चुकूनही टाकू नका, रिसायकलिंगचा अख्खा घाणा बिघडतो.

सुलभा_ताई
माझं मत वेगळं. कागदही नको. दोन डबे ठेवा, आत कोपरे नसलेले, गोल तळाचे; कोपऱ्यातच तो बुळबुळीत थर धरतो. एक वापरात, दुसरा उन्हात पालथा. भांडी विसळलेल्या पाण्याने धुतला तरी चालतो, आठवड्यातून एकदा चमचाभर खायचा सोडा घालून घासा.

झाकणाऐवजी जुन्या मलमलच्या ओढणीचा तुकडा रबरबँडने ताणून बसवा. हवा खेळते म्हणून कचरा लवकर आंबत नाही, चिलटं आत जात नाहीत. रोज डबा रिकामा होत असेल तर चिलटं त्यात जन्मतच नाहीत, अंड्यापासून चिलट व्हायला आठ-दहा दिवस लागतात. ती कांद्या-बटाट्याच्या टोपलीत किंवा सिंकच्या जाळीखालच्या गाळात शोधा.

मीनल_के
दोन अडचणी. कोळंबीची सालं, माशांचे काटे कुठे ठेवायचे? आणि आमच्याकडे गाडीवाला म्हणतो, पिशवी बांधूनच द्या.

खतवाला
सालं-काटे कागदात गुंडाळून फ्रीजरमध्ये, गाडी यायच्या वेळी बाहेर. गोठल्यावर वास येत नाही.

गाडीवाला पिशवी मागतो कारण सुटा कचरा ड्रममधून सांडतो, पाणी अंगावर येतं. निथळलेला, कागदात बांधलेला कचरा दिला तर सहसा तक्रार राहत नाही. सोसायटीचा मोठा ड्रम असेल तर त्याच्या तळाशीही सुका पाला घाला. पिशवी दिली की पुढे कुणाला तरी ती हाताने फाडावी लागते.

आडगाव_१२
सॅनिटरी पॅड आणि डायपर या डब्यात नकोत. वेगळे, कागदात गुंडाळून, वर ओळखीसाठी लाल ठिपका. सुक्याला पिशवीच लागत नाही, तांदळाची रिकामी गोणी पुरते. दुधाची पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडू नका, लोंबकळता ठेवा. तो नखाएवढा तुकडा पुढे कुणीच वेचत नाही.

मीनल_के
ओढणी सापडली. भुसा सुताराकडे विचारते.

सुलभा_ताई
प्लायवुडचा नको, त्यात गोंद असतो. साध्या लाकडाचा मागा.