क्लायंटला आपल्या रेडमाईनमध्ये किती आत घ्यावं?

दमलेला_पीएम
आमची तीसेक जणांची कंपनी, पुण्यात. सगळं काम रेडमाईनवर, म्हणजे प्रत्येक कामाचं 'तिकीट' करून त्याचा माग ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरवर. दोन वर्षांपूर्वी क्लायंटच्या चार जणांना मोठ्या हौसेनं आत घेतलं, पारदर्शकता वगैरे. गेल्या महिन्यात आमच्या एका पोरानं तिकिटावर लिहिलं, "हे मॉड्यूल मुळातच गंडलंय, पण आत्ता सांगू नका, डेमो होऊन जाऊ दे." आणि नोट क्लायंटपासून झाकणाऱ्या 'प्रायव्हेट नोट'च्या चौकोनात टिचकी मारायला विसरला. मी दोन मिनिटांत नोट पुसली. पण नोट सेव्ह झाली की रेडमाईन लगेच मेल धाडतं. ती मेल तोवर तिकडे पोचलेली. पुढचा कॉल कसा झाला ते विचारू नका.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय. बाहेरच्याला फक्त त्यानं टाकलेली आणि त्याच्या नावावर असलेली तिकिटंच दिसावीत. रोलमध्ये, म्हणजे कुणाला काय दिसेल ते जिथे ठरतं तिथे, तशी सेटिंग आहेच. आमचे कामाचे तास, आमची आपसातली भांडणं त्यांना कशाला? पाहुण्याला ओसरीवर बसवतात, माजघरात नाही.

पलीकडच्या_बाजूची
पाहुणा? बिल आम्ही भरतो हो!

मी क्लायंटकडे काम करते, दुसऱ्या एका व्हेंडरबरोबर. त्यांनी नेमकी हीच सेटिंग लावली होती. आमचं एक तिकीट तीन आठवडे 'इन प्रोग्रेस'. रोज उघडून बघायचं, हालचाल शून्य. शेवटी कळलं की ते दुसऱ्या एका तिकिटावर अडलंय, आणि ते तिकीट आम्हाला दिसतच नव्हतं. ज्याची परवानगी नाही, त्याचा 'ब्लॉक्ड बाय'सुद्धा रेडमाईन दाखवत नाही. मग काय, रोज सकाळी त्यांच्या पीएमला (प्रोजेक्ट मॅनेजरला) व्हॉट्सअ‍ॅप. आमची वेगळी एक्सेल. त्यांची वेगळी एक्सेल. शुक्रवारी दोन्ही एक्सेल समोरासमोर ठेवून भांडण. खरं काय ते रेडमाईनला कळलंच नाही कधी.

आणि तुमच्या पोराची चूक टिचकीची नाही, 'आत्ता सांगू नका'ची आहे.

दमलेला_पीएम
ते वाक्य वाईट होतं, मान्य. पण तुमच्या ऑफिसात व्हेंडरबद्दल जे बोललं जातं ते आम्हाला वाचायला द्याल? कुठल्याही टीमला आपापसात बरळायला एक जागा लागते. ती काढून घेतली तर पोरं तिकिटावर लिहायचंच बंद करतात. आमच्याकडे आता तेच झालंय. सगळ्या नोटा एकदम गुळगुळीत, 'लुकिंग इन्टू इट' छापाच्या. सहा महिन्यांनी त्यातून काय डोंबल कळणार?

कॉन्फिगवाला
दोघंही माणसांवर घसरताय. मुद्दा आहे तो विसरलं तर काय होतं याचा.

रेडमाईनमध्ये विसरलात की नोट उघडी. बेसकॅम्प या अशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उलटं, क्लायंटला प्रोजेक्टात घेतलं तरी त्याला आधी काहीच दिसत नाही, जे दाखवायचं ते आपण हातानं उघडायचं. तिथे विसरलात तर फार तर क्लायंट कुरकुरतो. जिरा सर्व्हिस मॅनेजमेंट या तिसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये 'इंटर्नल नोट' आणि 'रिप्लाय टू कस्टमर' शेजारीशेजारी, त्यामुळे लिहिण्याआधी निवडावं तरी लागतं (घाईत चुकीचं निवडणारे मी पाहिलेत, त्यात मीही आलो). ट्रेलोत (तिथे कामं कार्डांवर लिहून एका बोर्डावर लावतात) तर प्रश्नच मिटला, बोर्डावर आला त्याला सगळी कार्डं दिसणार. म्हणून लोक दोन बोर्ड करतात आणि दुसरा अपडेट करायला विसरतात.

फुकट_गेस्ट
ट्रेलोचं निघालंच आहे म्हणून. पेड वर्कस्पेसमध्ये बाहेरचा माणूस एकाहून जास्त बोर्डांवर घेतला की त्याचेही पैसे लागतात. आमच्याकडे क्लायंटला एकाच बोर्डावर ठेवायचं 'सुरक्षा धोरण' तिथून जन्मलं. :)

जिरा_पीडित
तुम्ही क्लायंटबद्दल भांडताय, इथे अख्खं जग आत येतं. २०१९ च्या सुरुवातीला नासाच्या जिरातली कर्मचाऱ्यांची नावं, ईमेल आणि प्रोजेक्टची माहिती बाहेर कुणालाही दिसत असल्याचं उघड झालं. हॅकिंग नव्हतं. फिल्टर (साठवून ठेवलेला शोध) शेअर करताना 'एव्हरीवन' म्हणजे आपल्या ऑफिसातले सगळे असं वाटतं, तिथे त्याचा अर्थ होता इंटरनेटवरचे सगळे. तेव्हा नोटा नंतर झाका. आधी खाती मोजा. काम संपलेल्या व्हेंडरची खाती कोण बंद करतं तुमच्याकडे?

पलीकडच्या_बाजूची
याला +१. मला अजून एका जुन्या व्हेंडरच्या मेल येतात. काम संपून दीड वर्ष झालं. त्यांच्या नव्या क्लायंटचं काय चाललंय ते मला त्यांच्या पीएमइतकंच ठाऊक आहे.

पीएमसाहेब, नोटा झाका हो, पण तिकीट कशावर अडलंय आणि तारीख काय, एवढं तरी उघडं ठेवा. तुमचे तास मला नकोत. (तास लावून बिल करत असाल तर हवेत.)

दमलेला_पीएम
तास लावूनच करतो. घ्या, सापडलो.

आज खाती मोजली. बाहेरची अकरा. चार कुणाची ते कुणालाच माहीत नाही. त्यातलं एक 'टेस्ट२', रोल मॅनेजर. तावातावानं लॉक केलं. वीस मिनिटांत क्लायंटचा फोन, रोजचा रिपोर्ट आला नाही म्हणून. त्यांची स्क्रिप्ट त्याच खात्याच्या एपीआय कीवर (प्रोग्रामला आत घेणाऱ्या पासवर्डसारख्या कोडवर) चालत होती. ती कुणी दिली ते शोधतोय.